व्हर्नाचा कान

व्हर्ना लुंडक्विस्टच्या खानावळीत केचपची बाटली दोन कामांना यायची. एक, तळलेल्या बटाट्यांवर घालायला आणि दुसरं, वाईट वाक्यांपुढे तारा काढायला.

रस्त्यापलीकडे विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग आहे. तिथल्या मंडळींची रीतच अशी, की एखादं वाक्य चालतं की नाही हे पुस्तकात बघायचं नाही. ज्याची ती मायबोली, त्याच्या कानाला विचारायचं. आणि आमच्या गावात व्हर्नासारखा कान दुसरा नव्हता. तीस वर्षं लोक नॅपकिनवर वाक्यं लिहून आणत. पटलं तर ती मान डोलवी. नाही पटलं, तर लाल तारा; चुकीच्या वाक्याची त्यांच्यातली ती खूण. शाळा आठवीत सुटलेली ही बाई, पण अकरा प्रबंधांत तिचे आभार छापलेत. ते प्रबंध ती काचेच्या कपाटात केकशेजारी ठेवायची. वाचला मात्र एकही नव्हता.

त्याच विभागातल्या थिया कोवाल्चिकचा प्रबंध कर्मणी वाक्यांवर होता. मला तिनं एकदा समजावलं होतं, "क्रियापद म्हणजे यजमान. 'देणे'ला तीन पाहुणे लागतात, 'रडणे'ला एकच. कर्मणी वाक्यात करणाऱ्याला दाराशी बसवायचं आणि मानाची खुर्ची दुसऱ्याला द्यायची." तिचं म्हणणं, रडणाऱ्याला अजिबात वगळून तो मान नुसत्या जागेलाही देता येतो: 'या पुलावर रडलं गेलंय.' तिचं अख्खं तिसरं प्रकरण या वाक्यावर उभं होतं, कारण जानेवारीत व्हर्नानं त्याला मान डोलावली होती.

शुक्रवारी तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक, प्रोफेसर टेग, म्हणाले, "पलंगावर झोपलं की चादर चुरगळते, म्हणून 'या पलंगावर झोपलं गेलंय' चालतं. रडण्यानं पुलाचं काय बिघडतं? तिसरं प्रकरण कोसळलं. पदवी पुढच्या वर्षी."

"व्हर्नाला विचारा!" थिया म्हणाली.

झालं. थिया, तिचे विभागातले दोन प्रोफेसर आणि टेग, सगळी वरात रस्ता ओलांडून खानावळीत. मी तिथं सूप पीत होते.

व्हर्नानं नॅपकिन वाचला. पुन्हा वाचला. "पोरी, हे तू मला या आठवड्यात किती वेळा विचारलंस?"

"रोज सकाळ-संध्याकाळ. खात्री असावी म्हणून."

"मग भोग आता! कान विटला माझा. आत्ता 'टेबलानं मला खाल्लं' म्हणालीस तरी गोड लागेल."

"पण जानेवारीत तू..."

"जानेवारीतलं जानेवारीत राहिलं. खोटी साक्ष मी देणार नाही."

टेगनी बाटली उचलून वाक्यापुढे ठसठशीत तारा काढला. थिया कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन हमसून हमसून रडली. पाच वर्षांचं काम होतं ते. मग ती तोंड धुवायला गेली, आणि टेग निवांतपणे त्याच कोपऱ्याकडे निघाले.

"तिथं नको, प्रोफेसर!" व्हर्ना तीन बशा सावरत ओरडली. "त्या बाकावर आत्ताच रडलं गेलंय!"

माझा चमचा हवेतच राहिला.

"काय म्हणालात?" टेग.

"दुसरीकडे बसा म्हटलं."

"त्याच्या आधी!"

टेगनी वाकून बाकावर हात फिरवला. "कोरडा ठणठणीत आहे. काहीसुद्धा बिघडलेलं नाही याचं."

"कोरडा असला म्हणून काय झालं? पोर रडली ना तिथं? आणि लगेच तुम्ही बसणार? शोभतं का?"

थिया ओल्या तोंडानं दारात आली, तर तिचे दोन प्रोफेसर एकमेकांचे हात धरून नाचत होते. "बोलली! न विचारता बोलली!" थियानं मला मिठी मारली, माझं सूप सांडलं, आणि हसू काही कुणाला आवरेना.

"काय बोलले मी? कुणी सांगेल का मला?" व्हर्ना.

"सांगू नका!" टेग गरजले. "पुन्हा विटेल कान!"

आणि त्यांनी अंगठ्यानं नॅपकिनवरचा तारा पुसला, अंगठा चाटला, आणि तळलेल्या बटाट्यांच्या दोन बशा मागवल्या.