कटिंग मशीनमधली पाचर

छापखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. मालकाची बायको म्हणून नव्हे. कोणाचं दुखलं-खुपलं, कोणाची रजा, कोणाचा पगार, सगळं त्याच बघायच्या म्हणून. छपाई आणि गिऱ्हाइकं नवऱ्याकडे, उरलेलं सारं वहिनींच्या गळ्यात. त्याचं त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं. पण अलीकडे कायदे असे भराभर बदलू लागले की एक समजून घ्यावा तोवर दुसरा दारात हजर. पूर्वी एवढ्याशा छापखान्याला बऱ्याच नियमांतून सूट असे. ती सूटही गेली.

"आपल्याकडे कोण बघायला येतंय?" नवरा म्हणायचा. "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

घोर लागलाच होता. कामगार कार्यालयाने छोट्या मालकांची बैठक बोलावली, तेव्हा वहिनी एकट्याच गेल्या. तिथली अधिकारी बाई शांतपणे म्हणाली, "अपघात झाल्यावर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर यापुढे चालणार नाही. माहीत असणं हेच तुमचं काम."

ते वाक्य मनात घेऊनच वहिनी परतल्या. रोजचाच छापखाना त्यांना परका दिसू लागला. जिन्याचा कठडा हलतोय. शाई पुसायच्या रसायनाचे डबे गरम दिव्याखाली ठेवलेत. इतकी वर्षं आपण डोळे मिटून वावरत होतो की काय!

मग त्या कटिंग मशीनपाशी आल्या. तिथे मामा होते, नवऱ्याचे सख्खे मामा. छापखान्याइतकेच जुने. या मशीनचं पातं कागदाचा जाड गठ्ठा लोण्यासारखा कापतं, म्हणून त्याला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं उतरताना दोन्ही हात बाहेर. पण मामा उजव्या हाताने एकच बटण दाबत होते आणि पातं खुशाल उतरत होतं. दुसऱ्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकलेली होती.

"मामा, हे काय?"

"काम आहे, सूनबाई. दोन-दोन बटणं दाबत बसलो तर वह्या पुढच्या वर्षी होतील."

वहिनींनी नवऱ्याला गाठलं. तो एका शाळेच्या वह्यांच्या मागे लागला होता. "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग काढू पाचर," तो म्हणाला.

"आणि तोवर बोटं गेली तर?"

"मामाची? अगं, त्यानेच मला बोट धरून धंदा शिकवला!"

"म्हणूनच म्हणते, ती बोटं राहू देत."

नवरा हसला आणि फोनवर बोलू लागला. वहिनींना हसू आलं नाही. पातं खटकन उतरलं की पुढचा आवाज येईपर्यंत त्यांचे कान तिकडेच लागायचे. मामांना दुखवायचं कसं? आणि नाही दुखवलं तर?

दुसऱ्या दिवशी ऐन कामात त्यांनी मशीनचं मेन बटण बंद केलं. बटणातली पाचर उपटून काढली. सगळे जागच्या जागी थांबले.

"सूनबाई, चालू करा," मामा म्हणाले.

"दोन्ही बटणं दाबणार असाल तर करते."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, फडक्याला हात पुसले. "कायदा शिकून आलात. आता म्हाताऱ्यालाही शिकवा," एवढं बोलून ते निघून गेले. नवरा मात्र सगळ्यांदेखत ओरडला, "झालं समाधान? आता वह्या तू काप!"

दुपारी वहिनी मामांच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. मामा खाटेवर बसले होते आणि मामी त्यांच्या डाव्या हातातून शर्टाची बाही हलके हलके सोडवत होत्या, लहान मुलाची सोडवावी तशी. हात खांद्यापासून वर जातच नव्हता. वहिनी उंबऱ्यातच थबकल्या. दुसरं बटण डावीकडे होतं.

"कधीपासून, मामा?"

"होईल बरा."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? घरी बसा म्हणाला असतात. आमच्या धंद्यात हात गेला की माणूस गेला."

वहिनी त्यांच्याजवळ टेकल्या. "तेही बदललंय, मामा. दुखण्यापायी कुणाला असं घरी बसवता येत नाही. आधी त्याला झेपेल असं काम द्यावं लागतं."

"म्हणजे कायदा म्हणतो म्हणून ठेवणार?"

हे वहिनींना लागलं. खोटं बोलणं सोपं होतं. "कायदा नसता तरी तुम्हाला ठेवलंच असतं," त्या म्हणाल्या. "पण कायदा नसता, तर आज मशीन बंद करायला मी धजले असते की नाही, ते मला ठाऊक नाही."

मामी पदराने डोळे टिपत चहा ठेवायला उठल्या.

वह्या उशिरा गेल्या. शाळेने पुढचं काम दुसऱ्याला दिलं आणि नवरा कित्येक दिवस तुटक बोलत राहिला. मामा परत आले ते तोंड फुगवूनच. बाइंडिंगच्या टेबलाशी कागद तपासायचं काम त्यांना बायकी वाटायचं. छापखान्यात कागदाच्या घड्या घालणारी मावशी त्यांच्याकडून कटिंग शिकू लागली, तेव्हा कुठे ते खुलले. तिची एक रेघ चुकली तरी मामांचं ओरडणं अख्ख्या छापखान्याला ऐकू जायचं. खांद्याचे व्यायाम करायला मात्र वहिनींना रोज मागे लागावं लागे.

पुढे तपासणीला माणूस आला. मशीन बघून त्याने मान डोलावली आणि रसायनाच्या डब्यांपाशी थांबला. ते हलवायची मुदत देऊन गेला. वहिनींनी ते दिवे बदलून घेतले होते, पण डबे तिथेच राहिले होते. एवढं डोळ्यांत तेल घालूनही काहीतरी निसटलंच होतं.

नवरा सगळं पाहत होता. त्याने एक डबा उचलला, वहिनींनी दुसरा. एकेक करून सगळे डबे दोघांनी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवले.

"आणखी काय काय राहिलंय?" शेवटी त्यानेच विचारलं.

वहिनींनी सांगायला सुरुवात केली, आणि तो ऐकत राहिला.