आईनं निवडलेला शेअर

मी लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एवढ्याच भांडवलावर आमच्या घरानं मला केमिकल कंपन्यांच्या शेअरमधली जाणकार ठरवून टाकलं. आमच्याकडे हे असंच चालतं. संस्कृत शिकवणाऱ्याला लग्नाचा मुहूर्त विचारतात, बायोलॉजीच्या मास्तरांना म्हशीचं पोट का फुगलं ते विचारतात. याहून वाईट म्हणजे मलाही ते पटलं.

झालं होतं असं, की रस्ता रुंद करताना देगलूरजवळच्या आमच्या शेताची एक पट्टी गेली आणि तिचा मावेजा आईच्या खात्यावर जमा झाला. बाबा जाऊन काही वर्षं झालेली. दादा नांदेडला असतो. त्याचं म्हणणं, आईनं पैसे त्याच्याकडे द्यावेत, तो मोठा फ्लॅट घेईल आणि त्यात एक खोली तिची. दादा मनानं चांगला आहे, पण त्याच्या घरात टीव्हीचा आवाजसुद्धा त्याला विचारून कमी करावा लागतो. आईला देगलूरचं घर सोडायचं नव्हतं. आपल्या पैशावर आपण राहायचं, गॅसची टाकी संपली तर पोराला फोन करायचा नाही, एवढीच तिची मागणी होती.

पैसे कुठं गुंतवायचे तेही तिनं परस्पर ठरवलं होतं. एक भली मोठी कंपनी. रंगापासून खतापर्यंत आणि फवारणीच्या औषधांपर्यंत सगळं बनवणारी. फोनवर म्हणाली, "तू केमिस्ट्रीची हायस. बघ अन् सांग, घ्यावा का न्हाई."

दादानं आईला लगेच अट घातली. "ही शेअर चांगला म्हणाली तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर सामान बांध आणि ये." म्हणजे निकाल माझ्या हातात आणि घर आईचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करून छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. कारखान्यांची पानं मला फार आवडली. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन कसा काढतात, तो पुढं कुठं वापरतात, सगळं ओळखीचं. समासात मी समीकरणंसुद्धा लिहिली. एका ठिकाणी त्यांची प्रक्रिया जुनी वाटली, तिथं प्रश्नचिन्ह काढलं आणि स्वतःवर खूष झाले. सुट्टीनंतर कॉमर्सच्या सरांना मोठ्या दिमाखात ते दाखवलं. सरांनी पानं चाळली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, वांगी ताजी आहेत हे तुम्ही तपासलंत. भाव विचारलाच नाही."

मग मोकळ्या तासांना ते मला शिकवत गेले. नफा किती, कर्ज किती, हातात खरोखर किती पैसा आला, आणि या सगळ्यासाठी बाजार आज काय किंमत मागतोय. मला जड गेलं. पोरांना केमिस्ट्रीतला 'मोल' समजत नाही म्हणून मी इतकी वर्षं चिडत आले होते, आता त्या पोरांसारखीच न कळता मान हलवत मी सरांसमोर बसायची.

आईचा मात्र पुरावा तयार होता. पुढच्या रविवारी देगलूरला गेले तर मला ती हाताला धरून कृषी सेवा केंद्रात घेऊन गेली. त्या कंपनीचे खोके छतापर्यंत रचलेले. "बघ. दुकान भरून हाय. लई चालतंय." मलाही ते बघून बरं वाटलं. आमच्या भागात भरलेलं दुकान म्हणजे चालणारं दुकान, रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. त्याच डोळ्यांनी आम्ही दोघी कंपनीकडे बघत होतो.

लातूरला परत येऊन अहवाल पुन्हा उघडला तेव्हा विक्री वाढलेली दिसली, पण लोकांकडून येणं असलेली रक्कम त्याहून जोरात वाढली होती. सरांना विचारलं. ते म्हणाले, खोका दुकानात उतरला की कंपनीच्या लेखी विक्री होते, दुकानदार पैसे सावकाश देतो, आणि उरलेला माल हंगाम सरल्यावर परतही जातो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही जे बघून खूष झालो होतो ते न खपलेलं सामान होतं.

तरी कंपनी वाईट नव्हती. कर्ज झेपण्यासारखं होतं, धंदा दहा ठिकाणी पसरलेला होता, सहजी बुडणारी ती नव्हतीच. पण शेअरची किंमत पुढच्या कितीतरी वर्षांचं चांगलं आत्ताच धरून बसलेली, आणि लाभांश अगदी किरकोळ. वीस वर्षं थांबू शकणाऱ्या तरुणानं विचार करावा असा तो शेअर होता. आईला दर महिन्याला पिठाची गिरणी आणि लाइटचं बिल होतं.

हे तिला सांगायला मी देगलूरला गेले. दुपारची ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे नांदेडला जावं लागतंय."

"नाही गं. पोस्टात ज्येष्ठ लोकांची योजना आहे. दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. गॅस, लाइट, गोळ्या, किराणा, बोटांवर एकेक मोजून झालं. "भागतंय की," ती म्हणाली आणि तिचा चेहरा इतका उजळला, की मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी तिथूनच दादाला फोन लावून पोस्टाचं सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. त्याचं ते बरं ऐकून मला आनंद झाला हे कबूल करते.

"मग सगळे पोस्टात टाकू," मी म्हणाले.

"सगळे न्हाई. थोडे त्या कंपनीत."

माझं डोकंच फिरलं. "आई, दुपारपासून काय सांगून राहिले मी? दुसरी एखादी कंपनी घे. हीच का?"

ती शेंगांकडे बघत म्हणाली, "तुझ्या बापाला चक्कर आली त्या दिवशी पंपात त्यांचंच औषध व्हतं."

तो दिवस मला ठाऊक होता. बाबा कापसावर फवारणी करताना शेताच्या धुऱ्यावर पडले, जीपमधून नांदेडच्या दवाखान्यात नेलं, वाचले. नंतर त्यांचे डोळे अधू झाले ते कायमचे. माझी दहावीची मार्कलिस्ट त्यांनी नाकाला लावून वाचली होती. डब्यावर कोणाचं नाव होतं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. आईनं मनात ठेवलं होतं.

"त्या औषधानंच डोळे गेले, असं डॉक्टरनं काय लिहून दिलं न्हाई," ती म्हणाली. "मीबी म्हणत न्हाई. पण त्याच्या आदी पैसे दिले, त्याच्या नंतरबी दिले. कीड काय आपल्यासाठी थांबती का? पेरणी झाली की त्यांचे पैसे आदी. सारा जन्म आपल्याकडून तिकडंच गेलं. एकदा तिकडून इकडं येऊ दे."

मला रडू आलं. कंपनीचा राग आला, उघड्या तोंडानं फवारत फिरणाऱ्या बाबांचा आला, आणि हे सगळं एकटीनं धरून बसलेल्या तिचाही आला. शेअर महाग आहे तो आहे, पण थोडे घेऊ, असं मी म्हणाले.

बाकीचा मावेजा पोस्टात गेला. तिच्या नावावर डीमॅट खातं उघडून मी मोजके शेअर घेतले. पुढं वर्षाचा लाभांश जमा झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला, तेव्हा मी तिथंच होते. मी वाचून दाखवला. तेवढ्या पैशात त्यांच्या औषधाची लहान बाटलीसुद्धा आली नसती, आणि मी तसं बोलूनही गेले.

"दिले न्हवं त्यांनी?" आई म्हणाली. "देऊ दे. दरसाल देऊ दे."