केल्सीने काढलेला नकाशा

माझ्या भावाच्या मुलीने, केल्सीने, कॉलेजात हिशेबाचा विषय घेतला तेव्हा आमच्या धक्क्यावर सगळ्यांना बरं वाटलं. आमच्या या टकर्स कोव्ह बंदरात शेवंडं पकडणारे पुष्कळ, पण कर खात्याचे कागद समजणारं एकही माणूस नाही. मग तिने जोडीला एक छोटा विषय घेतला. त्याला तिकडे मायनर म्हणतात. पर्यावरण, समुद्रविज्ञान आणि धोरण. त्यातल्या 'धोरण' या शब्दावर आमच्या लोकांची बरीच करमणूक झाली.

"म्हणजे सरकार आपल्याला कसं छळतं, ते तू आता फी भरून शिकणार?" थर्मन कोलने विचारलं. थर्मन आमच्या बंदरातला सगळ्यात जुना शेवंडवाला. त्याने हो म्हटल्याशिवाय इथे कुणी पिंजरा टाकत नाही.

"शिकते की. मग परत येऊन त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत भांडेन, थर्मनकाका."

"भांडायला कॉलेज कशाला? घरी आत्या आहे ना तुझी."

ती आत्या म्हणजे मी, नेटी स्प्रोल. धक्क्यावरची आमिषाची शेड माझी. खारवलेल्या हेरिंग माशांचा वास अंगाला कायमचा बसलाय, आणि तोंड फटकळ आहे ते जन्मापासून. केल्सीची आई ती चालायला लागायच्या आत गेली. माझ्या भावाने, एल्डनने, पोरीला बोटीवरच वाढवलं. आमिषाच्या रिकाम्या पेटीत गोधडी घालून तिला झोपवायचा आणि पिंजरे ओढायचा. शेवंडीच्या पोटाला अंडी दिसली की तिच्या शेपटीला खाच पाडून तिला परत पाण्यात सोडायची, म्हणजे पुढे कुणी तिला धरणार नाही, हे केल्सीला अक्षरओळखीआधी येत होतं. मोठी झाल्यावर तिने विद्यार्थ्यांच्या परवान्यावर स्वतःचे पिंजरे टाकले. पिंजऱ्यांना दोराने बांधलेले तिचे नारिंगी बोये बापाच्या हिरव्या बोयांशेजारी तरंगायचे. एल्डन ते लोकांना बोट करून दाखवायचा. तो बोलका माणूस नाही, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं.

कॉलेजच्या शेवटून दुसऱ्या वर्षी आमच्या समुद्रातून विजेची केबल न्यायचं ठरलं. दूरवर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. त्यांची वीज किनाऱ्याला आणायला कंपनीला समुद्राच्या तळाशी वाट हवी होती. कंपनीचा माणूस म्हणाला, या भागात फारशी मासेमारी होत नाही, कारण तशी कुठे नोंदच नाही. नोंद असणार कशी? आमच्याकडे पिंजरे कोणत्या खडपाला टाकतो हे माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. वरून बोये दिसतात हे खरं, पण कोणत्या महिन्यात शेवंड कोणत्या कपारीत शिरते, ते ज्याचं त्याला ठाऊक. दोन पिढ्या घासून मिळवलेलं ते ज्ञान असतं. आणि शेजारच्या प्रॉस्पेक्ट बंदरातले लोक त्यासाठी टपूनच बसलेले असतात.

केल्सीच्या मायनरच्या बाई म्हणजे डॉ. मेरेडिथ व्हॉस. त्यांनी तिला प्रकल्प सुचवला. बंदरातल्या लोकांकडून खडपं नकाशावर मांडून घ्यायची. बारीक रेघा कॉलेजच्या खोलीतच राहतील, बाहेर जातील ते फक्त मोठे पुसट डाग, म्हणजे इथे मासेमारी चालते एवढं सिद्ध होईल. बाईंनी तसा शब्द दिला. केल्सीने तोच शब्द पुढे आम्हाला दिला.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आमचं बीन्सचं जेवण असतं. ताटं उचलली गेली की केल्सी टेबलावर नकाशा पसरायची. पहिल्या शनिवारी एकही माणूस तिच्याजवळ फिरकला नाही. दुसऱ्या शनिवारी एल्डन उठला, पेन्सिल घेतली आणि सगळ्यांदेखत स्वतःची खडपं काढली. ते बघून बाकीचे एकेक करत आले. थर्मन सगळ्यात शेवटी.

"हे मी माझ्या भावाला तो मरेपर्यंत सांगितलं नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला, काका."

"मेल्यावरसुद्धा नाही सांगितलं. थडग्यापाशी गेलो होतो, तेव्हाही गप्प राहिलो."

सगळे हसले. थर्मनने मात्र न हसता रेघ ओढली, आणि पेन्सिल खाली ठेवताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

वसंतात शाळेच्या जिममध्ये केबलची जाहीर सुनावणी झाली. आमचं अख्खं बंदर होतं, प्रॉस्पेक्टवालेही होते. व्हॉसबाई कंपनीच्या सल्लागार म्हणून पुढे बसलेल्या दिसल्या. त्या उठल्या, दिवे मंद झाले आणि पडद्यावर नकाशा आला. डाग नव्हते. रेघा होत्या, प्रत्येक खडप, प्रत्येक कपार, शेजारी महिन्यासकट.

केल्सी ताडकन उभी राहिली. "बाई, हे दाखवायचं नव्हतं! तुम्ही सांगितलं होतं!"

"केल्सी, माहिती जितकी नेमकी, तितका तुमच्याच लोकांचा फायदा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि नाव तर कुणाचंच घातलेलं नाही."

नाव! बाईंनी एवढी वर्षं समुद्र शिकवला आणि त्यांना एवढंही कळलं नव्हतं, की आमच्याकडे खडप दाखवलं की माणूस आपोआप कळतो. प्रॉस्पेक्टवाल्यांनी फोन वर केले आणि भराभर फोटो काढले. थर्मन टोपी घालून बाहेर पडला. त्या बाईने माझ्या भाचीचा केसाने गळा कापला आणि वर तिला वर्गात समजावतात तसं समजावलं. मला आजही ती बाई समोर आली तर काय करेन सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात प्रॉस्पेक्टच्या बोटी थेट थर्मनच्या खडपावर आल्या. आणि मग स्प्रोलांच्या बोयांवर गाठी दिसायला लागल्या. बोयाच्या दांड्याला दोरीची दुहेरी गाठ मारलेली असली की तिचा अर्थ इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. निघ, नाहीतर दोर कापू. आणि दोर कापला की पिंजरा तळाशी जातो तो कायमचा. गाठी केल्सीच्या नारिंगी बोयांवर होत्या, तशा एल्डनच्या हिरव्यांवरही होत्या. धक्क्यावर कुणी त्याच्याशी बोलेना. माझ्या शेडमध्येही लोक आमिष घ्यायचे आणि मान खाली घालून निघून जायचे.

केल्सी दारोदार फिरली. माफी मागितली, बाईंनी फसवलं हे सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, एका घराने तिला डोनट दिला, पण गाठी सुटल्या नाहीत. एल्डन तिच्याबरोबर एकाही दारात गेला नाही. मी त्याला म्हटलंही, "अरे, तू बरोबर असलास तर ऐकतील." तो म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मग एका धुक्याच्या सकाळी केल्सी बाहेर गेली तर तिचा एकही पिंजरा शिल्लक नव्हता. सगळे दोर कापलेले. बापाच्या पिंजऱ्यांना मात्र कुणी हात लावला नव्हता. दुपारपर्यंत लोक एल्डनला हाक मारायला लागले. कुणीतरी त्याला कॉफी आणून दिली.

केल्सी थर्मनच्या बोटीपाशी जाऊन ओरडली, "तुम्हीच कापलेत ना? सांगा तोंडावर!"

थर्मनने दोरी गुंडाळायची थांबवली. "गाठी मी मारल्या, पोरी. ते मी कुणापुढेही कबूल करेन. सुरी मी लावली नाही. मला लावावी लागली नाही."

"मग कुणी?"

"एखाद्या घरचं त्या घराने उरकलं, की बंदर पुढे काही करत नाही. ही जुनी रीत आहे. तुझ्या बाबाला विचार."

मी शेडच्या दारात होते. एल्डन माझ्यामागे आमिषाच्या पेट्या रचत होता, त्यालाही ते ऐकू गेलं. केल्सी आत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, तू?"

त्याने हातातली पेटी खाली ठेवली. "आज ना उद्या त्यांनी कापलेच असते. तुझे कापले असते, मग माझेही."

"तू त्यांना सांगू शकला असतास. पहिली रेघ तूच ओढली होतीस."

"तुला कॉलेज आहे, केल्सी. मला हा धक्का सोडून काय आहे?"

"मी आहे, असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

एल्डनने पेटी पुन्हा उचलली. मी मात्र बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती त्याच संध्याकाळी गेली. मी तिला बसपर्यंत सोडलं. वाटेत ती रडली नाही, फक्त एकदा म्हणाली, "आत्या, त्या बाईंना मी ओळखतच नव्हते गं. पण याला ओळखत होते."

तिने तो मायनर पूर्ण केला, बाईंच्या वर्गात पुन्हा पाऊल न ठेवता. आता ती सरकारच्या सागर विभागात आहे. दुसऱ्या बंदरांच्या बोटींवर जाऊन शेवंडं मोजते, अंडीवाल्यांची नोंद करते. टकर्स कोव्ह तिच्या वाट्याला आलं की ती दुसऱ्या कुणाशी पाळी बदलून घेते. मला फोन करते. माझी चौकशी करते, माझ्या गुडघ्यांची करते, आणखी कुणाची करत नाही.

गेल्या महिन्यात आमिषाच्या ट्रकवाल्याने मला सांगितलं, की पूर्वेकडच्या एका बंदरात ती त्याला भेटली. आमच्या किनाऱ्यावर नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, कुणाची गं तू? तिथल्या एका म्हाताऱ्याने तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "लुईझ थिबोडोची." लुईझ तिची आई. उत्तरेकडच्या बटाट्याच्या शेतांवरची, समुद्राशी काही संबंध नसलेली. म्हाताऱ्याला ते नाव कुठून माहीत असणार? तरी तिने तेच सांगितलं, स्प्रोल हे नाव काढलं नाही.

मी त्याच दिवशी एल्डनला हे सांगितलं. त्याला कळायलाच हवं होतं. तो हेरिंग भरत होता. त्याने फावडं हेरिंगमध्ये रोवलं.

"लुईझची माणसं चांगली होती," तो म्हणाला, आणि पुन्हा पेटी भरायला लागला.