शनिवारची खरडपट्टी

आमच्या बाईंनी कुणाची पाठीमागे निंदा केलेली मी कधी ऐकली नाही. सगळी तोंडावर करायच्या. कोलशेतच्या औषध कारखान्यात पॅकिंगच्या त्या सुपरवायझर. शनिवारी मशीन धुवून झालं की आम्हा सगळ्यांना गोल उभं करायचं आणि एकेकीची खरडपट्टी काढायची. "तुझी लेबलं वाकडी." "तू काम कमी, गप्पा जास्त." पण खरी गंमत पुढे होती. सगळ्यांचं झालं की बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आता माझी काढा."

आणि आम्ही काढायचो! एकदा एकीने सुनावलं, "बाई, तुमच्या लाडक्या तेवढ्या पंख्याखाली." बाई लालबुंद झाल्या, पण सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलल्या. "तोंडावर बोलवत नाय ते कागदावर लिहू नये," हा त्यांचा कायदा.

बाई बाळकुमच्या, मूळ गाववाल्या. सासऱ्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत. त्यामुळे ऑफिसात कुजबुज चाले, हिला नोकरीची गरजच काय? बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या तडक ऑफिसात जाऊन म्हणाल्या, "जमीन सासऱ्याची. पगार माझा. अजून काय विचारायचंय?"

मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर नवी पद्धत. वर्षअखेरीस प्रत्येकीच्या कामाला श्रेणी द्यायची, आणि प्रत्येक खात्यातून एक तरी नाव शेवटच्या श्रेणीत टाकायचंच. सगळ्या चांगल्या असल्या तरी! जिचं नाव शेवटी, तिचं कंत्राट संपलं. आमच्यात ते नाव माझं असणार हे उघड होतं. माझं मनगट मोडलेलं, प्लास्टर निघालं तरी हात पूर्वीसारखा चालत नव्हता. डोंबिवलीत आई आणि मी, कमावती मी एकटी. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाईंनी माझ्यासाठी खोटं लिहिलं नाही. "हळू आहे," असंच लिहिलं, तेही मला सांगून. पुढे लिहिलं, "आळशी नाही. हात बरा होतोय." शेवटच्या श्रेणीत मात्र कुणालाच टाकलं नाही. साहेब म्हणाले, "एक नाव द्यावंच लागेल. तिचं द्या, हळू आहे ना?"

"मग शनिवारी या आणि तिच्या तोंडावर सांगा," बाई म्हणाल्या.

साहेब आले बिचारे. समोर आम्ही सगळ्या पांढऱ्या कोटात, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क, उघडे फक्त डोळे. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बाईंना हळूच विचारलं, "यातली ती कोण?"

"जिला काढायला निघालात, ती ओळखता येत नाय तुम्हाला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. मी तेवढी मान खाली घालून उभी होते. साहेब आल्या पावली परत गेले.

माझं कंत्राट वाढलं. पण साहेबांनी राग काढला तो बाईंवर. शेवटची श्रेणी बाईंनाच मिळाली. त्या कायम नोकरीत, काढता येईना, म्हणून गोदामात बदली. बाईंनी राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला. "खोक्यांशी काय बोलू? मना माणसं लागतात," म्हणाल्या.

निरोप समारंभ मात्र कॅन्टीनमध्ये अगदी रीतसर! शाल, नारळ, भाषण. साहेब म्हणाले, "बाईंसारखी सुपरवायझर कंपनीला पुन्हा मिळणार नाही." माझं डोकंच सटकलं. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी, उठून उभी राहिले.

"साहेब, तुम्हाला ओळखता आली नाही ती मी. मी कामावर आहे आणि बाई चालल्यात. त्या एवढ्या चांगल्या, तर त्यांना शेवटची श्रेणी का दिलीत?"

साहेबांच्या हातातली शाल हातातच राहिली. झालं, गेली माझीही नोकरी, असं वाटून मी खाली बसायला लागले. तेवढ्यात बाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गं. मागच्या बाकावर ऐकू गेलं नाय."

मग मी सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.