पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचं नाव

दादा गेला तो आखातातल्या एका वीज केंद्राच्या साइटवर, जेवणाच्या सुट्टीत, हात धुता धुता. भोपाळच्या कारखान्यात बावीस वर्षं टर्बाइन जोडली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन तेच काम करायला तिकडे गेला आणि सातव्या महिन्यात संपला. त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला तो शनिवार होता. मी भोपाळच्या त्याच कारखान्यात टेक्निशियन, क्वार्टर माझ्या नावावर, त्यामुळे आई आणि वहिनी माझ्याकडेच होत्या. दोघींना सांगायचं काम माझ्यावर आलं. ते मी कसं केलं, मला आजही आठवत नाही.

रडायला फुरसतच मिळाली नाही. सोबत्याने सांगितलं होतं की बायकोचं पत्र लागेल, नोटरीचा शिक्का मारलेलं, की आमचा माणूस आमच्याकडे पाठवा. ते आलं नाही तर तिथेच दफन करतील. आई एवढंच म्हणाली, "त्याला घेऊन ये. तिकडच्या वाळूत नको ठेवूस." ते पत्र सोमवारी मी एम. पी. नगरच्या दुकानातून फॅक्स केलं आणि वाटलं, चला, झालं एकदाचं.

कसलं काय! मंगळवारी दुपारी तिकडच्या कंपनीच्या बाबूचा फोन. आपल्याच देशातला, हिंदी बोलणारा. म्हणाला, पासपोर्टवर बायकोचं नाव वेगळंच आहे. आणि जे आहे तेच नाव आईच्या रकान्यातही आहे. मग सही करणारी ही बाई कोण? शुक्रवारी त्यांची सुट्टी, शवागार लहानसं, जागा नाही. गुरुवारी दुपारपर्यंत नीट कागद आला नाही तर पोलीस दफनाची परवानगी देऊन मोकळे होतील.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी ओरडून सांगायला लागलो की आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, ही तीच बाई आहे, कुठून दुसरी आणलेली नाही. तो शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, मुझे समझाने से क्या होगा? कागज़ भेजिए।" त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला.

झालं होतं असं. वहिनी नागपूरची, आणि तिचं माहेरचं नाव नेमकं आईचंच. एका घरात सासू-सून एका नावाच्या कशा चालणार? सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचंच नाव घ्यायचं! म्हणून आईने नवं नाव निवडलं, दादाने लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ते लिहिलं, पेढे वाटले. त्या दिवसापासून रेशनकार्ड, बँक, कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड, सगळीकडे तेच. जुनं नाव उरलं ते फक्त तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर. आणि आता कळलं, दादाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर.

मी गेलेल्या माणसाला सगळ्यांदेखत बोललो. म्हटलं, एवढ्या मशिनी जोडल्या आणि याला एक फॉर्म धड भरता आला नाही. आता तिकडे पडून राहा म्हणावं. हे बोलताना मला लाज कशी वाटली नाही!

तीन दिवस तोंडातून शब्द न काढलेली वहिनी तेव्हा बोलली. "चूक नाही ती. मला विचारून लिहिलं त्यांनी. म्हणाले, घरात आईने ठेवलेलं नाव चालू दे, या पुस्तकात तुझं राहू दे."

आई शेजारीच बसली होती. तिने वहिनीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. उठून आत गेली आणि कोणालाच नको असलेला चहा टाकला. मला धडकी भरली. दुसऱ्या दिवशी तिचंच शपथपत्र लागणार होतं, की ही माझी सून आणि दोन्ही नावं हिचीच. पोराने आपल्यापासून लपवलं हे तिच्या जिव्हारी लागलेलं दिसत होतं. आणि आई एकदा अडून बसली की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही.

बुधवारी आम्ही तिघं कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे पत्र्याखाली बसलो. सोबत मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि लग्नपत्रिका. नोटरीने आईला विचारलं, अम्मा, बहू का नाम? आईने चटकन तिने ठेवलेलंच नाव सांगितलं. नोटरीने पेन खाली ठेवलं. शादी से पहले का, तो म्हणाला. आई समोरच्या सर्टिफिकेटाकडे बघत राहिली. मागे रांग लागलेली, टाइपरायटर थांबलेला. मी तिच्या कानाशी लागलो, आई, सांग ना, तुझ्या पाया पडतो. मग तिने स्वतःचं नाव घेतलं, पुढे माझ्या दादाचं नाव आणि आमचं आडनाव लावलं आणि म्हणाली, "लिखो. यही है मेरी बहू।"

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. फॅक्स दोनदा मध्येच तुटला. दुकानदार म्हणाला, लाइन बिझी आहे, थोडं थांबा. मी त्याच्यावर खेकसलो, मग माफी मागितली, मग पुन्हा खेकसलो. तिसऱ्यांदा गेला. तासाभराने बाबूचा फोन आला, मिल गया. मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि शनिवारपासून पहिल्यांदा रडलो.

सोमवारी दादा मुंबईमार्गे भोपाळच्या विमानतळावर आला. मालाच्या शेडमध्ये आम्ही बाकावर बसलो होतो, आजूबाजूला कुणाचे टीव्ही, कुणाची औषधांची खोकी. खिडकीतल्या माणसाने कागदावरचं ताबा घेणारीचं नाव वाचून हाक मारली.

आई उठून उभी राहिली. पन्नास वर्षं त्या नावाला ओ देणारी बाई, उठणारच. वहिनी मात्र जागची हलली नाही. त्या नावाने आपल्याला कोणी बोलावेल हे तिच्या डोक्यातच नव्हतं. दोन पावलं टाकून आई थांबली, मागे वळली, आणि वहिनीच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"ऊठ बाई," ती म्हणाली, "तुला बोलावलंय."