म्हातारीची वाट आणि आमचा मथळा

मराठी बातम्यांच्या वेबसाइट नव्याने निघू लागल्या, तेव्हा अशाच एका वेबसाइटवर मी उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याच्या बातमीला भडक मथळा चिकटवणारी बाई. कोणती बातमी किती जणांनी उघडली याचा आकडा संपादकांच्या पडद्यावर दिवसभर हलायचा, आणि त्यांची तत्त्वंही त्याच्याबरोबर हलायची.

तुळिंजला आमच्या राहत्या इमारतीखाली जूचंद्र गावची एक म्हातारी भाजी विकायला बसायची. तिच्या शेताच्या वाटेवर शेजारी भिंत घालू लागला, म्हणून तिने कोर्टात दावा लावला होता. एकदा तारीख पुढे गेली आणि ती वैतागून माझ्यापाशी बोलली. आयती बातमी मिळाली म्हणून मी खूश. तिच्या वकिलाला फोन करण्याएवढी अक्कल तरी मी दाखवली. तो म्हणाला, आजारी असल्यामुळे पुढची तारीख त्यानेच मागून घेतली होती. शिवाय निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही, असा मनाई हुकूम कोर्टाने आधीच दिला होता.

मी सगळं लिहिलं. संपादकांनी वकिलाचं आजारपण काढलं, मनाई हुकूम काढला आणि मथळा चढवला: ‘तारखांच्या कोर्टात म्हातारीची वाट बंद’. वाट उघडी आहे, असं मी सांगून पाहिलं.

“उघडी वाट वाचायला कोण येणार?” ते म्हणाले.

मी बातमी तशीच जाऊ दिली. बातमीखाली माझं नाव नव्हतं, तेवढंच मला पुरलं.

जन्मात कोर्टाची पायरी न चढलेल्यांनी प्रतिक्रियांमध्ये न्यायाधीशांना यथेच्छ झोडपलं. ते पैसे खातात, असंही एकाने घरबसल्या ठरवून टाकलं. आमच्या वरच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहत. बातमीचा छापील कागद घेऊन ते खाली आले. कोर्टात त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं, तो पाहिला होता का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. चहा न घेताच ते गेले.

म्हातारी मध्ये बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा कळलं, की गावात कुणीतरी तिला बातमी वाचून दाखवली होती. कोर्टानेच वाट बंद केली असं समजून तिने हाय खाल्ली, शेजाऱ्याशी तडजोड केली आणि दावा मागे घेतला. आता ती नाल्याकडून वळसा घालून शेतावर जात होती.

“आजी, वाट बंद नव्हती. कोर्टाने ती उघडीच ठेवली होती,” मी म्हटलं.

“पन तूच लिवलंस ना बाय, बंद झाली म्हनून?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

बातमी दुरुस्त करायला हवी, म्हणून मी संपादकांना हे सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. ‘कोर्टाला कंटाळून म्हातारीची माघार’ हा मथळा त्यांनी उभ्या उभ्या सांगितला आणि मी तो टाईप केला. ही बातमी पहिलीपेक्षा जास्त चालली.

त्या नोकरीत मी आणखी दोन वर्षं काढली. म्हातारी इमारतीखाली बसतच होती. भाजी आणायला मी नवऱ्याला पाठवायचे.