डब्यांची रांग

परदेशातल्या आत्याकडे सुट्टीला आलेल्या भिंगरीला त्या दिवशी गरीब वस्तीत जावं लागलं. आत्याला समाजसेवेची भारी हौस. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणी गोळा करायच्या, जुने कपडे आणि बिस्किटं वाटायची, भरपूर फोटो काढायचे. भिंगरीला तिने निघतानाच बजावलं होतं, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही. भिंगरीला याहून मोठी शिक्षा नव्हती.

पत्र्याच्या घरांच्या त्या अख्ख्या गल्लीला एकच नळ. समोर प्लास्टिकचे डबे वेडेवाकडे मांडलेले, जवळ माणूस कुणी नाही. गाडीचा ड्रायव्हर तिथलाच. पाणी दुपारी तासभरच येतं, डबा ठेवला की नंबर लागला, असं त्याने भिंगरीला समजावलं. पहिला डबा धोबिणीचा होता. खानावळीच्या टेबलांवरच्या चादरी तिने साबणात भिजत घातल्या होत्या. संध्याकाळी त्या पोचल्या नाहीत तर खानावळवाला काम दुसरीला देणार होता. तरी ही बाई पाहुण्यांसाठी खुर्च्या मागायला शेजारी गेली.

तेवढ्यात आत्याला डब्यांचा फोटो घ्यावासा वाटला. तिने मैत्रिणींना हाताशी घेतलं आणि सगळे डबे उचलून रंगाप्रमाणे झकास ओळीत लावले.

"आत्या, अगं तो नंबर..." भिंगरीने तिची ओढणी ओढली.

"मी काय सांगितलं होतं?"

भिंगरी दात-ओठ खात गप्प बसली.

पाणी आलं आणि दारादारांतून बायका धावल्या. जिचा डबा पुढे ती म्हणे माझाच नंबर. भिंगरी धोबिणीच्या डब्याकडे बोट दाखवून ओरडत होती, पण पाहुण्यांच्या पोरीचं ऐकतो कोण? इकडे भांडण, तिकडे पाणी मोरीत.

"शिस्त कशी ती नाहीच," आत्या मैत्रिणींना म्हणाली. "मी एवढी रांग लावून दिली, तरी भांडतायत."

भिंगरीला रडूच फुटायचं बाकी होतं. शेवटी धोबिणीनेच आपला डबा उचलून मागे नेऊन ठेवला. भांडण मिटलं, भराभर डबे भरले. तिची पाळी आली तेव्हा नळाने दोन गुळण्या टाकल्या आणि तो कोरडा पडला. चादरी साबणातच राहिल्या.

निघताना आत्याने ड्रायव्हरकरवी तिला विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? धोबीण हात पुसत हळूच काहीतरी म्हणाली.

"पाणी येऊन गेल्यावर या म्हणते," ड्रायव्हरने सांगितलं.

आत्याचा चेहरा खुलला. गाडीत बसल्यावर ती मैत्रिणींना म्हणाली, "किती माया लावतात बघा. परत या म्हणाली."

आता मात्र भिंगरीचा धीर सुटला. "ती तसं नाही म्हणाली. आपण तिचं पाणी घालवलं, आत्या. तिचं काम जाणार."

मग आत्याने पिशवीतून वाटून उरलेला बिस्किटांचा पुडा काढला.

"खा," ती म्हणाली. "भूक लागली की तू अशीच किरकिर करतेस."